राखीचा तोडगा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार माझ्या थोरल्या बहिणीचे आहेत. तिला मी आक्का म्हणतो. आईवडिलांच्या आधी मी तिचा उल्लेख करतो, आणि घरात याचं कोणाला वाईट वाटत नाही, कारण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आई अंथरुणाला खिळली आणि घरी कोणीतरी राहायला हवं असं ठरलं तेव्हा आक्का सातवीत होती, मी दुसरीत. तिचा वर्गात पहिला नंबर असे. माझा कधीच नव्हता. तरी शाळा सुटली ती तिची. पुढे कितीतरी वर्षं चुलीपुढे बसून ती माझी गणितं सोडवायची आणि मी ती वहीत उतरवून मास्तरांना दाखवायचो.

लग्न होऊन ती सुरतेला गेली. तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी, लिंबायतमध्ये पॉवरलूमवर होते आणि त्यांचा संसार नवागामातल्या एका खोलीत होता. मी कॉलेजात गेलो तेव्हा तिने साड्यांच्या कारखान्यात काम धरलं. माझी फी, पुस्तकं, अंगावरचा शर्ट, सगळं तिथून आलं. आमच्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला.

शाळेत मला एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती. उपकार विसरू नयेत. आमचे हेडमास्तर निरोपसमारंभात दरवर्षी हेच सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. मी ते मनापासून धरलं. ज्याने हात दिला त्याच्यापुढे मान वर करायची नाही, त्याला उलट बोलायचं नाही, त्याच्याविषयी वाईट ऐकायचंही नाही. हा माझा चांगला गुण आहे असं मी समजत असे, आणि लोकही तसं म्हणत.

बी.कॉम. होऊन गावात रिकामा बसलो होतो. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी आक्काने मला तिकडे आपल्या खोलीवर बोलावून घेतलं. प्लेगच्या भीतीने नवागामातली आमच्या लोकांची अख्खी गल्ली गाडीला लोंबकळून गावी पळाली होती. परत जायची वेळ आली तेव्हा कामं राहिलीत की गेली, हे कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याच भागातला, आमच्याच समाजातला एक मुकादम तेव्हा गावोगाव फिरला. "चला, तुमच्या जागा मी धरून ठेवल्यात," असं म्हणून त्याने माणसं परत आणली. तेव्हापासून गल्लीत त्याचा शब्द शेवटचा. सगळे त्याला आप्पा म्हणत. आक्का त्याच्याच हाताखाली होती. तिने माझ्यासाठी आप्पाकडे शब्द टाकला, आप्पाने सेठकडे टाकला, आणि मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात चलनं लिहायला बसलो.

"काय बी.कॉम. साहेब," आप्पा येता-जाता काचेवर टकटक करून म्हणायचा, "पंखा पुरतो का, का वारा घालायला माणूस पाठवू?"

मी उठून उभा राहायचो. तो खांद्यावर थाप मारून पुढे जायचा. मला ते आवडायचं.

ऑफिसच्या काचेतून समोर घडीखातं दिसायचं. छापून, वाफ देऊन आलेल्या साड्यांचे सुटे धागे कापायचे, घडी घालायची, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायच्या, असं ते काम. बाया गोणपाटावर दोन रांगा करून समोरासमोर बसायच्या. बहुतेक आमच्या खानदेशातल्या. हात चालू आणि तोंडही चालू. रिकामे पुठ्ठे माळ्यावर ठेवलेले असत. कोपऱ्यातून एक अरुंद लाकडी जिना वर जायचा, वर दार होतं. पुठ्ठे संपले की आप्पा एकीचं नाव घ्यायचा आणि तिने वर जाऊन गठ्ठा आणायचा. थोड्या वेळाने आप्पाही वर जायचा, हिशेब बघायला म्हणून.

बायांनी जोडीने जायचा प्रयत्न केला होता. मी आलो त्याच महिन्यात मी ते ऐकलं.

"दोघी कशाला?" आप्पा खालून ओरडला. "पुठ्ठा आणायचाय का वरात काढायचीय?"

सगळ्या हसल्या. जी एकटी वर गेली तीही हसली. मीसुद्धा काचेआड हसलो, कारण बोलणं खरंच गमतीचं वाटलं. पण खाली उतरलेली बाई मग दिवसभर बोलत नसे, आणि तिच्या शेजारचीही तिला काही विचारत नसे. हे मी पाहत होतो. त्याचा अर्थ मला लागत नव्हता, असं मी म्हणू शकत नाही.

आक्काला आप्पा सहसा वर पाठवत नसे. तिची जीभ तिखट होती आणि दाजी त्याच्या हाताखाली नव्हते, दुसऱ्याच्या लूमवर होते. पण एका दुपारी त्याने तिचं नाव घेतलं. ती वर गेली, मागून तो गेला. मी एक चलन लिहीत होतो. ते संपायच्या आत वर काहीतरी दणकन आपटलं आणि आक्का जिना उतरून आली. एका हातातल्या बांगड्या नव्हत्या. मनगटातून रक्त येत होतं. पदर दुसऱ्या हाताने घट्ट धरलेला. ती रांगेत बसली नाही, चपला घातल्या आणि सरळ फाटकाबाहेर गेली. जाताना तिने एकदा काचेकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि साड्यांची संख्या लिहिली.

मागून आप्पा उतरला. गालावर पुठ्ठ्याचा ओरखडा होता. "पुठ्ठ्याची थप्पी पडली अंगावर," तो कोणी न विचारता म्हणाला. रांगेतल्या बायांचे हात चालूच होते.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आक्का भाकरी करत होती. दाजी यायचे होते. तिने माझ्याकडे न पाहता सगळं सांगितलं. आप्पाने दार लावून घेतलं. काय बोलला, कुठे हात घातला, तिने कसं ढकललं, हे तिने भाकरी थापत थापत सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाचं. शेवटी थांबली आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "तुले खरं वाटस ना?"

"वाटतं गं," मी म्हणालो.

मला खरं वाटलंच होतं. माझ्या मनात एक क्षणही शंका नव्हती. याच कारणाने पुढचं सगळं मला लिहायला जड जातं.

"मग उद्या सेठशी बोल," ती म्हणाली. "तू शिकलेला आहेस. तुझं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी मी सेठसमोर उभा राहिलो. सेठ वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मी आडवळणाने बोललो. माझ्या बहिणीला जरा त्रास झाला, असं म्हणालो. त्रास हा शब्द मी निवडून घेतला होता. सेठने चहा बशीत ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "ए तो तमारा समाजनी वात छे, भाई. तमारो मुकादम, तमारी बेन. तमे घरमां बेसीने पतावी दो." तुमच्या समाजातली गोष्ट आहे, घरात बसून मिटवा. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग गल्लीतली मोठी माणसं बसली. आमच्याकडे काही भांडण झालं की समाजातले चार ज्येष्ठ एकाच्या ओट्यावर बसून निकाल देत. त्यांना आम्ही पंच म्हणायचो. आप्पा आला, पांढरे कपडे घालून. दाजी खाली मान घालून कडेला बसले. आक्काला ओट्यावर बोलावलं नव्हतं. ती आत, पडद्यामागे उभी होती. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती.

"हात लागला असेल कामाच्या गर्दीत," एक जण म्हणाला.

"माळ्यावर कसली गर्दी?" दाजी पहिल्यांदा बोलले.

"तू गप ऱ्हाय. तुझ्या बायकोने त्याचं थोबाड फोडलं, ते कोणी बोलतंय का?"

आप्पा हात जोडून म्हणाला, "माझं चुकलं असेल तर जोडे मारा. पण उद्या मी ही मुकादमी सोडली तर सेठ बिहारी मुकादम आणेल. मग तुमच्या पोरीबाळींना कोण सांभाळणार?"

अर्धी गल्ली त्याच्या हाताखाली होती. ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणाची सून तिथे कामाला होती, कोणाची मुलगी. मग सर्वांत वयस्कर पंच माझ्याकडे वळले. "बाळा, तू पदवीधर आहेस. बहीण तुझी, नोकरी त्याने लावलेली. दोन्ही बाजूंचं मीठ तू खाल्लंस. तूच तोड सांग."

आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. माझ्या बापाच्या वयाची माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. आणि मला आमच्या हायस्कुलातली एक गोष्ट आठवली. कोणी मुलगा मुलीची छेड काढताना सापडला की हेडमास्तर त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभा करायचे आणि त्याच मुलीकडून त्याच्या हातावर राखी बांधून घ्यायचे. मुलगे त्या शिक्षेला छडीपेक्षा भ्यायचे. एक तर रडला होता. त्या मुलींचं पुढे काय झालं, त्यांना ती राखी बांधताना काय वाटलं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. आमच्या शाळेतली ती सर्वांत सुंदर रीत आहे असं मी समजत होतो.

मी ती गोष्ट सांगितली. म्हणालो, आक्काने आप्पांना राखी बांधावी. चारचौघांत एकदा बहीण मानलं की पुन्हा वाकडी नजर पडणार नाही.

ओट्यावर एकदम मोकळं वाटलं सगळ्यांना. "शाबास," म्हातारे पंच म्हणाले. "शिक्षण असं कामाला येतं." आप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सख्खी बहीण नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. कोणीतरी दोरा आणायला पळालं, कोणी नारळ आणला. पडद्यामागून काही आवाज आला नाही. तिला विचारावं असं कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. ताट तयार झाल्यावर तिला हाक मारली आणि ती बाहेर आली.

तिने दोरा बांधला. मनगटावरची तिची जखम अजून ओली होती. आप्पाने ताटात साडी ठेवली. ती आमच्याच कारखान्यातली होती. घडी पाहून आक्काला ते कळलं असणार, मला तर लांबूनही कळलं. माझ्या पाठीवर हात फिरवून लोक आपापल्या घरी गेले. मी खूश होतो. दाजी मात्र माझ्याशी न बोलता ड्यूटीवर निघून गेले.

आक्का पुन्हा कामाला जाऊ लागली. थोडेच दिवस गेले आणि मी काय केलं ते दिसायला लागलं.

आधी आप्पा आमच्या खोलीच्या दारात कधी आला नव्हता. दाजी कामावर असताना परका पुरुष घरात शिरला असता तर गल्लीने त्याला उभा चिरला असता. आता तो बहिणीच्या घरी येत होता. चप्पल काढून खाटेवर आडवा व्हायचा, चहा मागायचा, साखर कमी झाली म्हणायचा. शेजारीण दारातून कौतुकाने म्हणायची, "भाऊ आला वाटतं तुझा." आणि कारखान्यात तो सगळ्या रांगेसमोर म्हणायचा, "जा बहिणाबाई, पुठ्ठे आण. भावाला काय घाबरतेस?" नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. नाही म्हटलं तर ती भावावर आळ घेते, असं झालं असतं. रांगेतली एक म्हातारी तिला समजुतीने म्हणाली होती, "आता तरी मन साफ ठेव गं. राखीचं नातं आहे."

आक्का दुसऱ्यांदा माझ्याशी बोलली ती पाण्याच्या नळावर. मी बादली भरत होतो.

"तो थांबलेला नाही," ती म्हणाली. "आता घरीही येतो. तू पंचांना सांग."

"आक्का, सगळ्यांसमोर बहीण मानलंय त्याने. आता परत काय सांगू त्यांना?"

"काय सांगू म्हणजे? तेव्हा तूच बोललास. आता तूच बोल."

"दिवाळीपर्यंत थांब," मी म्हणालो.

तिने का म्हणून विचारलं नाही. तिला माहीत होतं. ऑफिसातला जुना हेडक्लार्क दिवाळीला सोडणार होता आणि त्या जागेसाठी आप्पाने माझं नाव सुचवलं होतं. तसं त्याने मला खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. मी वाकून त्याच्या पाया पडलो होतो.

त्या दिवसांत मी स्वतःशी एक हिशेब मांडत असे. मी हेडक्लार्क झालो की आक्काला काम सोडायला सांगेन, घर मी चालवीन, मग आप्पाचा प्रश्नच मिटेल. म्हणजे तिच्याच भल्यासाठी थांबायचं. हा विचार मला इतका पटला होता की रात्री शांत झोप लागायची. आता वाटतं, झोप लागत होती हीच शरमेची गोष्ट.

भाऊबीजेला मी सकाळीच आंघोळ करून पाटावर बसलो. दाजी घरी होते. आक्काने निरांजन लावलं, तेवढ्यात दारात आप्पा. हातात मिठाईचा खोका. "एका भावाचीच आरती का?" तो म्हणाला आणि शेजारच्या घरून मागून आणलेला दुसरा पाट त्याने स्वतःच माझ्या शेजारी टाकला. आम्ही दोघे मांडीला मांडी लावून बसलो. दारात गल्लीतल्या दोन-तीन बाया ताट बघायला उभ्या होत्या.

आक्का ताट घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. निरांजनाची वात वाकडी झाली होती, ती तिने बोटाने सरळ केली. मग मोठ्याने नाही, जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "एक भाऊनी मना हात धरा. दुसरा भाऊनी तो त्याना हातमा दिधा. मी कोनले ओवाळू?"

तिने ताट फळीवर ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून भांडी लावायला लागली.

"बहीण रुसली," आप्पा हसला. "पुढच्या खेपेला भारी साडी आणतो." पण दारातल्या बाया हसल्या नाहीत. तो मिठाई तिथेच ठेवून गेला. मी बसूनच होतो. माझ्या कपाळाला कुंकू लागलं नव्हतं आणि तसं उठायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

"ऊठ," दाजी म्हणाले. मी उठल्यावर त्यांनी पाट भिंतीला टेकवून उभा केला.

महिन्याच्या आत त्यांनी सुरत सोडली. दाजींच्या भावाकडे नंदुरबारला गेले. दाजींना तिथे लूम नव्हता, ते हमालीला लागले. आक्का मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाऊ लागली. तिखटाने बोटांची आग होते, ती तेल लावूनही जात नाही, असं गावाकडच्या एकाने मला सांगितलं. स्टेशनवर मी सामान चढवलं. तिने मला खोलीची किल्ली दिली, स्टोव्हची वायसर बदलून घे म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन बसली.

मी हेडक्लार्क झालो. आप्पाने पेढे वाटले.

त्या वर्षात मी आक्काला पोस्टकार्डं लिहिली. येथील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे. बढतीचं कळवलं. तिचं उत्तर आलं नाही. राखीपौर्णिमेला माझा हात मोकळा राहिला आणि ऑफिसात कोणी विचारलं तर टपाल उशिरा येतं असं मी सांगितलं.

त्याच सुमारास घडीखात्यात एक नवीन मुलगी लागली होती. रेल्वेत खलाशी असलेल्या, वारलेल्या एका बौद्ध गृहस्थांची मुलगी. आईबरोबर लिंबायतला राहायची. तिने एक दिवस सरळ सांगितलं की मी माळ्यावर जाणार नाही. आप्पाने तिचा हात धरून जिन्यापर्यंत ओढलं. तिने आरडाओरडा केला. संध्याकाळी तिची आई आमच्या गल्लीत आली आणि मुकादम तुमचा आहे, उत्तर तुम्ही द्या म्हणाली.

पुन्हा ओटा भरला. या वेळी पंचांना विचार करावा लागला नाही. "मागे केलं तसंच करू," म्हातारे म्हणाले. "साहेबांचा तोडगा आहे आपल्याकडे. चांगला चालला. दोरा आणा कोणीतरी." माझ्या तोंडून एकदा निघालेली गोष्ट गल्लीची रीत झाली होती. पुढे आणखी किती बायांच्या हाती तो दोरा दिला जाईल, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं.

मुलीची आई ओट्याच्या पायरीवर उभी होती. तिला पडद्यामागे जा म्हणायचं धाडस कोणी केलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "साहेब म्हणजे तुम्हीच का? तुमच्या बहिणीने बांधली होती म्हणतात. मग थांबला का हा?"

आप्पा माझ्याकडे बघून हसत होता.

"नाही," मी म्हणालो. "आधी कारखान्यातच गाठायचा. मग घरीही यायला लागला. दार मी उघडून दिलं त्याला."

"मग तेव्हा का नाही बोललास?" पंच रागाने म्हणाले.

"हेडक्लार्क व्हायचं होतं."

मग आप्पा बोलला. "ज्याने अन्नाला लावलं त्याच्याच ताटात थुंकतोस? ही तुझी पदवी?" लहानपणापासून ज्या एका गोष्टीची मला भीती होती, कृतघ्न म्हणवून घेण्याची, ती त्या ओट्यावर झाली. मुलीच्या आईने दोरा बांधू दिला नाही. ती मुलीला घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या वॉचमनने मला आत सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात मला सुरतेबाहेर कामरेजला एका लहान कारखान्यात हिशेब लिहायचं काम मिळालं.

तिथून मी आक्काला आंतरदेशीय पत्र पाठवलं. ते असं होतं.

आक्का,

माझं पत्त्यावरचं अक्षर पाहून तू हे न वाचता ठेवून देशील, तर निदान दाजींनी तरी वाचावं. त्यांच्यापासून लपवायचं यात काही नाही.

मी तो कारखाना सोडला आहे. म्हणजे मला काढलं. गल्लीत लोक मला कृतघ्न म्हणतात, ते तुझ्यापर्यंत आलं असेल. ते बहुतेक खरं आहे, पण ते म्हणतात त्या कारणाने नाही.

एका मुलीला आप्पाने ओढलं आणि पंच तिलाही राखी बांधायला लावत होते, माझं उदाहरण देऊन. तिच्या आईने विचारलं, मी नाही म्हणालो. तुझी गोष्ट मी तुला न विचारता चारचौघांत बोललो, एवढी चूक या वेळीही झाली. जास्त काही सांगितलं नाही. घरी यायचा, एवढंच म्हटलं.

भाकरी करताना तू मला विचारलं होतंस, खरं वाटतं का. मी हो म्हणालो होतो, ते तुझं मन राखायला म्हणालो असं तू समजत असशील. तसं नव्हतं. तू जिना उतरलीस तेव्हा मी काचेतून पाहत होतो. त्याच्या आधीही बाया उतरताना पाहत होतो. मला कळलं नाही म्हणून मी तसं वागलो नाही. सगळं कळत होतं. एवढं मला तुला लिहायचं होतं, आणि ते वर्षभर कार्डावर मावत नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायचं ओझं पुन्हा तुझ्यावरच पडेल.

आता कामाचं. ती आई मुलीला घेऊन पोलीस चौकीत जाऊन आली. तिथे त्यांना विचारलं की याआधी कोणाची तक्रार होती का. तिने मला विचारलं. मी सांगितलं, मी काचेतून जे पाहिलं ते मी स्वतः येऊन लिहून देतो. पुढच्या सोमवारी जाणार आहे. तुझं नाव मी तिथे घेणार नाही. तुझ्यावर काय झालं ते तूच सांगायचं की नाही, हे तू ठरव. सांगायचं असेल तर मी नंदुरबारला येऊन तुम्हा दोघांना घेऊन जाईन, राहायची सोय त्या बाईंच्या घरी आहे, माझ्याकडे नको असेल तर. त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीला सांगा, मी तिच्या शेजारी बसेन.

तुझं उत्तर आलं नाही तर ते नाही असं मी धरेन. हो असं धरणार नाही. पुन्हा विचारणारही नाही.

पत्ता मागे लिहिला आहे. सोमवारी मी सकाळच्या गाडीने चौकीत जातो.

तुझा धाकटा